ही वरकमाई नव्हे, जोडकमाई

पत्र:

काका, नमस्कार. मी मारेगाव तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. इलेक्ट्रिकलचं इंजिनिअरिंग केलं, कापसाच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मेन्टेनन्स सुपरवायझर आहे. पगार २८,०००. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी एका ठेकेदाराकडे सौर कृषीपंप बसवायची कामं करतो, गावातल्या मोटरी-स्टार्टरही दुरुस्त करून देतो. २०२५-२६ मध्ये ठेकेदाराकडून खात्यावर ३,४०,००० आले, गावातून रोखीने ४०,०००. पेट्रोल, हेल्पर, सामान जाऊन निम्मे, म्हणजे १,९०,००० हाती राहिले. शिक्षणासाठी बँकेतून घेतलेलं सव्वाचार लाखांचं कर्ज हप्ता सुरू होईपर्यंत ५,८०,००० झालं. व्याज साडेदहा टक्के, हप्ता ७,८२६, मुदत दहा वर्षं. बाबा सहकर्जदार आहेत. माझ्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये टॅक्स कापतातच. आता एका व्हिडिओत ऐकलं की वरकमाई असली की कर तर लागतोच, शिवाय स्टुडन्ट लोनचीही ९ टक्के जास्त वसुली होते. मित्र म्हणतो, शेतीचं उत्पन्न दाखव, शेतीला कर नाही. आईबाबा म्हणतात, रिटर्न भरूच नको, किसानचे पैसे आणि लाडकी बहीण दोन्ही बंद होतील. काय करू?

उत्तर:

पोरा, पहिले एक शब्द बदल. आपल्याकडे वरकमाई म्हटलं की लोकांना टेबलाखालचा पैसा आठवतो. तू उन्हातान्हात वावरात उभा राहून पॅनल चढवतो, त्या पैशाला जोडकमाई म्हण. शब्द लपवाछपवीचा असला की माणूस लपवायलाच लागतो, आणि तुझ्या पत्रात ती सुरुवात झालेली दिसते.

तो व्हिडिओ खोटा नसेल, पण तो आपल्या देशाचा नव्हे. ९ टक्क्यांचा हिशेब ब्रिटनमधला आहे. तिकडे विद्यार्थ्याचं सरकारी कर्ज कमाईला बांधलेलं असतं. ठराविक मर्यादेच्या वर जेवढं कमावलं, त्याच्या ९ टक्के कर्जफेडीत जातात. पगारातून ते परस्पर कापतात, आणि स्वतःच्या धंद्याची कमाई असली तर वर्षाच्या विवरणपत्रात कराच्या सोबतच वसूल करतात. कमाई मर्यादेखाली गेली तर वसुली थांबते, आणि कर्जाच्या प्रकाराप्रमाणे पंचवीस ते चाळीस वर्षांनी उरलेलं माफही होतं. आपल्याकडे यातलं काहीच नाही. तुझा हप्ता तू लाख कमाव की घरी बस, ७,८२६ च राहणार. व्याजदर बदलला तर तेवढा फरक पडेल. तुझ्या जोडकमाईशी बँकेला देणंघेणं नाही. तेव्हा हप्ता वाढायची भीती काढून टाक. पण कमाई आटली म्हणून हप्ता थांबतही नाही, हे त्याच नाण्याचं दुसरं अंग आहे. त्यावर पुढे येतो.

पगारातले २०० रुपये हा आयकर नव्हे. तो राज्य सरकारचा व्यवसाय कर. अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५००. आयकर केंद्राचा, त्याचा हिशेब वेगळा. गंज लोकांचा इथे घोटाळा होतो. पगाराच्या चिठ्ठीवर ‘टॅक्स’ दिसला की त्यांना वाटतं आपण सुटलो.

आता आयकर. तुझेच आकडे घेऊन मांडू.

पगार वर्षाचा ३,३६,०००. आयकराच्या दोन रचना आहेत, जुनी आणि नवी. नव्या कररचनेत पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, उरले २,६१,०००. त्यात जोडकमाईचे १,९०,००० घाल. झाले ४,५१,०००. २०२५-२६ साठी नव्या रचनेत पहिल्या चार लाखांवर कर नाही, चार ते आठ लाखांवर ५ टक्के. म्हणजे तुझा कर ५१,००० वर ५ टक्के, २,५५० रुपये. आणि बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला पूर्ण करसवलत आहे, त्यामुळे तेही शून्य.

कर शून्य. ज्या गोष्टीसाठी तुझी झोप उडाली, ती एवढीच होती.

पण शून्य कर म्हणजे रिटर्न नको, असं समजू नको. उत्पन्न चार लाखांच्या वर गेलं की विवरणपत्र भरावंच लागतं, सवलतीने कर शून्य झाला तरी. शिवाय तुझा स्वतःचा फायदाही त्यात आहे. ठेकेदाराने तुझ्या बिलातून १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापलेला असणार, ३,४०,००० वर ३,४००. आयकराच्या पोर्टलवर लॉगिन करून २६एएस आणि एआयएस हे दोन तक्ते उघड, त्यात तुझ्या नावावर कापलेला कर आणि झालेले व्यवहार असतात, तिथे ती रक्कम तुझ्या पॅनवर दिसली पाहिजे. दिसली तर रिटर्न भरल्यावर खात्यात परत येईल. नाही दिसली तर ठेकेदाराला विचार, की कापले ते भरले का. हा प्रश्न विचारायला लाजू नको, पैसे तुझे आहेत.

फॉर्म कोणता? तुझ्यासारख्याला आयटीआर-४, त्यालाच ‘सुगम’ म्हणतात. छोट्या धंद्याला पूर्ण वह्या ठेवायची गरज नाही, अंदाजित नफ्याची सोय आहे. खात्यावर आलेल्या पैशावर किमान ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा दाखवायचा. तुझ्या बाबतीत ते २३,६०० होतात. इथे तुला कोणीतरी सांगणारच की बस्स, तेवढेच लिही. कायदा मात्र म्हणतो की यापेक्षा जास्त सुटले असतील तर जास्त लिहा. तू १,९०,००० लिही. कारण धंद्याचा हिशेब करून बघ: २३,६०० लिहिलेस तरी कर शून्य, १,९०,००० लिहिलेस तरी शून्य. खोटं बोलून वाचणार काहीच नाही. उलट उद्या घर बांधायला किंवा स्वतःची एजन्सी टाकायला बँकेत गेलास की मॅनेजर पहिले दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागेल. तिथे २३,६०० दिसले तर मी मॅनेजर असतो तरी तुला चहा पाजून परत पाठवलं असतं.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट, ८०ई कलमाची म्हणतात ती, फक्त जुन्या रचनेत मिळते. व्याजाला मर्यादा नाही, मुद्दलाला मिळत नाही, आणि फेड सुरू झाल्यापासून आठ वर्षं मिळते. पहिल्या वर्षी तुझं व्याज ५९,००० च्या आसपास जाईल. ऐकायला छान वाटतं. पण तुझा कर नव्या रचनेतही शून्य आणि जुन्या रचनेतही शून्यच येतो, मग वजावट कशातून करणार? शिवाय धंद्याचं उत्पन्न असलेल्याला जुनी रचना घ्यायची तर वेगळा फॉर्म भरावा लागतो, आणि एकदा नव्यात परतलं की पुन्हा जुन्यात जाता येत नाही. त्या भानगडीत पडू नको. व्याजाचं प्रमाणपत्र तेवढं दरवर्षी बँकेतून काढून फाइलला लाव. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले. २०२५-२६ चं विवरणपत्र मात्र जुन्या कायद्याप्रमाणेच जाणार, म्हणून मी कलमांचे जुनेच क्रमांक लिहितो आहे. जीएसटीचं विचारशील, तर सेवेच्या धंद्यात वीस लाखांपर्यंत त्याची नोंदणी लागत नाही.

मित्राचा सल्ला. शेतीचं उत्पन्न दाखव म्हणे. अरे, कोणाच्या शेतीचं? सातबारा बाबांच्या नावावर, पेरा बाबांचा, कापसाचे चुकारे बाबांच्या खात्यावर. तुझ्या पॅनवर सोलरच्या ठेकेदाराने कापलेला टीडीएस लिहिलेला आहे. कापसाच्या पऱ्हाटीवर कोणी टीडीएस कापत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीत कोणत्या गटात काय पेरलं ते फोटोसकट नोंदवलं जातं, तेव्हा विचारणा आली तर दाखवायचं काय? आणि पुन्हा तेच, वाचवायला कर आहेच कुठे. शून्यासाठी खोटं, एवढा तोट्याचा धंदा मी कधी पाहिला नाही. विसराळूपणाचीही गय होत नाही, हे मी स्वतः भोगलं आहे. निवृत्तीनंतर पहिल्या वर्षी दोन व्याख्यानांचं मानधन रिटर्नमध्ये लिहायचं विसरलो. एआयएसमध्ये ते माझ्या आधी पोहोचलेलं होतं. सुधारित रिटर्न भरेपर्यंत आमच्या सौभाग्यवतींनी दोन वेळा विचारलं, बँकेत खरंच अधिकारी होते का तुम्ही?

आता आईबाबांचं. दोघांची भीती एकसारखी दिसते, उत्तरं मात्र वेगळी आहेत.

पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. तू सज्ञान आहेस, त्या कुटुंबात मोजलाच जात नाहीस. आणि तिथली अट मागच्या वर्षी आयकर भरला का ही आहे, तू तर रुपयाही भरणार नाहीस. बाबांचे केंद्राचे सहा हजार आणि ‘नमो शेतकरी’चे राज्याचे सहा हजार तुझ्या रिटर्नमुळे अडत नाहीत. हे बाबांना समजावून सांग, दोन वेळा सांग.

लाडकी बहीणचं मात्र तुला रुचणार नाही. तिथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं लागतं, आणि अविवाहित मुलगा त्या कुटुंबात धरला जातो. तुझा नुसता पगारच ३,३६,००० आहे. पिवळं-केशरी रेशनकार्ड असलं की उत्पन्नाचा दाखला मागत नव्हते, म्हणून अर्ज मंजूर झाला असेल. पण अट उत्पन्नाची आहे, रिटर्नची नाही. तू रिटर्न लपवल्याने घराचं उत्पन्न कमी होत नाही. आईच्या दीड हजारांवर कोणाचं पोट भरलं, कोणाचं नाही, यावर मी भाष्य करणार नाही. पण त्या दीड हजारासाठी तू आपली कागदपत्रं आयुष्यभर अंधारात ठेवायची, हा सौदा मला पटत नाही. हप्त्याला पैसे उरतात तसे आईच्या हातात दर महिन्याला दीड हजार तू ठेव. सरकारच्या पैशापेक्षा पोराच्या पैशाने ती शेजारणीसमोर जास्त मिरवेल.

एवढं झालं कराचं. तू पत्रात अर्ध्याहून जास्त जागा कराला दिली आणि कर्जाला तीन वाक्यं. माझ्या मते उलटं व्हायला पाहिजे होतं.

वणी-पांढरकवडा पट्ट्यातल्या एका शाखेत मी सहा वर्षं काढली. एका मार्चमध्ये एक म्हातारबुवा काउंटरला आले. डोक्याला पंचा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. पीककर्जाचं नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं फेडून नवं घ्यायला आले होते. कर्ज भरायला कापसाचे चुकारे खात्यात होते, जुनं खातं स्वच्छ. सिस्टिममध्ये नाव टाकलं तर लाल अक्षरं. पोरगा पुण्याला, त्याच्या शैक्षणिक कर्जाचे सात हप्ते थकलेले, आणि बुवा सहकर्जदार. ते म्हणाले, “साहेब, कर्ज पोट्ट्यानं काढलं, अंगठा मी फक्त मागं लावला. माह्या वावराले काहून अडवता?” माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगायला जीभ वळेना. त्यांनी अंगठा मागे लावला नव्हता, बाजूला लावला होता. सहकर्जदार म्हणजे अर्धा जामीन नव्हे, पूर्ण कर्जदार. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत जातं, आणि नोंद दोघांच्या नावावर चढते. बुवा त्या दिवशी पासबुक पिशवीत तसंच घेऊन गेले आणि सावकाराच्या दारात उभे राहिले. पोराला फोन केला होता का, विचारलं तर म्हणाले, “उचलत नाही, कामात असन.”

तुझ्या बाबांचंही पीककर्ज असेल. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. तुझं कर्ज साडेदहाचं. तेव्हा हातात जास्तीचे पैसे आले की ते बाबांच्या पीककर्जात आधीच भरायची घाई करू नको, मुदतीत गेले म्हणजे झालं. जास्तीचा रुपया तुझ्या कर्जात घाल.

किती फरक पडतो ते बघ. आजच्या हप्त्याने दहा वर्षांत तू बँकेला जवळपास ३,५९,००० व्याज देशील. सव्वाचार लाख घेतले होतेस, त्यावर शिक्षण चालू असतानाचं सरळ व्याज साचून दीड लाख वाढले, आता वरून हे. दर महिन्याला हप्त्याशिवाय ३,००० जास्त भरलेस तर कर्ज सहा वर्षं आणि महिनाभरात संपतं, आणि व्याज सुमारे २,०६,००० वर येतं. दीड लाखाच्या वर वाचले. कोणत्या करसवलतीने तुला दीड लाख दिले असते?

अर्थात दर महिन्याला तीन हजार, हे पुण्या-मुंबईच्या नोकरदाराचं गणित. तुझं काम हंगामी आहे. रब्बीत ओलिताला पंप लागतो तेव्हा फोन थांबत नाही, आणि आषाढात चिखलामुळे वावरात पायही ठेवता येत नाही. त्यात सौर पंपाच्या योजनेत शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा पाच टक्के, बाकी पैसा वरून येणार. तो वरून येईपर्यंत ठेकेदार तुला ‘उद्या’ म्हणत राहणार. म्हणून आधी तीन हप्त्यांचे पैसे, साधारण साडेतेवीस हजार, वेगळ्या खात्यात टाकून विसर. जिनिंगचा हंगाम संपल्यावर मालकाने माणसं कमी केली तर हा डबा उघडायचा, एरवी नाही. तो भरला की मग जमेल तसं दर दोन-तीन महिन्यांनी एकरकमी मुद्दलात भर. बदलत्या व्याजदराच्या अशा वैयक्तिक कर्जावर मुदतीआधी फेडण्याचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे, म्हणून कोणी काउंटरवर ‘चार्ज लागेल’ म्हटलं तर शांतपणे शाखाधिकाऱ्याकडे जा. भरताना साध्या कागदावर दोन ओळी लिहून दे: जादा रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. पोच घे. पुढच्या महिन्यात कर्जखात्याचा उतारा काढून खरंच मुदत कमी झाली का बघ. नाहीतर हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवतात, आणि तुझ्या घामाचा अर्धा फायदा हवेत जातो.

आणखी एक विचारून घे. चार लाख पन्नास हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी शिक्षणकाळातल्या व्याजावर केंद्राचं अनुदान मिळतं. तुझ्या घराचं तेव्हाचं उत्पन्न त्यात बसत असेल, तर बँकेने तुझा दावा पाठवला होता का, पाठवला असेल तर त्याचं काय झालं, हे लेखी विचार. बाबांनी दिलेला उत्पन्नाचा दाखला फाइलमध्ये पडून राहिल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

वही ठेव. मोबाइलमध्ये नको, मोटरसायकलच्या डिक्कीत मावेल अशी दोनशे पानी. तारीख, कोणाचं वावर, पंप तीनचा की पाच एचपीचा, किती ठरले, किती आले, रोख की फोनवर, हेल्परला किती दिले, पेट्रोल किती. पेट्रोलची चिठ्ठी उन्हाने कोरी होते, म्हणून त्याच दिवशी आकडा लिहून घे. ठेकेदाराचे पैसे पगाराच्या खात्यात घेऊ नको, वेगळं बचत खाते उघड, त्यातूनच सामान आण. रिटर्न भरायच्या दिवशी तुला नुसती बेरीज करायची राहील. तालुक्याच्या ठिकाणी सीएकडे जाऊन भरलंस तरी चालेल, फक्त पासवर्ड आणि नोंदणीचा मोबाइल नंबर तुझाच ठेव, त्यांचा नको.

जिनिंगच्या मालकाला तुझ्या रिटर्नमधून काही कळत नाही, तेही डोक्यातून काढ. नेमणूकपत्रात दुसरं काम करू नये असं लिहिलं आहे का तेवढं वाचून घे.

या शनिवारी बँकेत जाशील तेव्हा बाबांना सोबत ने. त्यांना उतारा दाखव, कुठे सही केली होती ते दाखव, आणि तुझ्या खात्यातून हप्ता कोणत्या तारखेला कटतो ते त्यांच्यासमोर मॅनेजरला विचार. पीककर्जाच्या वेळी त्यांना लाल अक्षरं दिसायला नको.